नाव जुळलं नाही, म्हणून मतदार नाही?

अमेरिकेत मत कोण देऊ शकतं, हे दोन ओळींत सांगता येतं : वय १८ पूर्ण, अमेरिकेचं नागरिकत्व आणि त्या राज्यात वास्तव्य. (शिक्षा झालेल्यांचे नियम राज्याराज्यात वेगळे. मेन आणि व्हर्मांटमध्ये तुरुंगातूनही मत देता येतं.) नाव नोंदवण्याची जबाबदारी बहुतेक ठिकाणी मतदाराचीच, आपल्यासारखा बीएलओ दारात येत नाही. नॉर्थ डकोटात तर नोंदणीच नाही. ओळखपत्र दाखवायचं, मत द्यायचं. तिथे काही आभाळ कोसळलेलं नाही.

पण प्रत्यक्षात बऱ्याचदा पात्रता ठरते ती दोन डेटाबेस एकमेकांशी जुळवून. असे डेटाबेस जुळवणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणूनच मला कायद्याच्या कलमांपेक्षा या जुळवणीची जास्त धास्ती वाटते.

जॉर्जियाचं उदाहरण घ्या. अर्जातली माहिती वाहन परवाना किंवा सोशल सिक्युरिटीच्या नोंदीशी तंतोतंत जुळली पाहिजे, असा तिथला नियम होता. एखादी जोडरेघ सुटली, एखादं अक्षर चुकलं, की अर्ज लटकला. २०१८ मध्ये असे सुमारे ५३,००० अर्ज अडकले होते आणि त्यातले जवळपास ७० टक्के कृष्णवर्णीयांचे होते. ओळखपत्र दाखवून मत देण्याची मुभा होती, हे खरं. पण 'तुमची नोंदणी प्रलंबित' असं पत्र आल्यावर किती जण केंद्रावर जातील?

आता आपली नावं आठवा. मोहम्मदमध्ये एम एक की दोन, शेखमध्ये ए-आय की ई-आय? पासपोर्टवर एकच नाव असेल, तर अमेरिकी व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' छापून येतं, म्हणजे 'पहिलं नाव अज्ञात'. पुढे एका कार्यालयात तो माणूस 'एफएनयू' आणि दुसऱ्यात अब्दुल.

टेक्सासमध्ये जानेवारी २०१९ ला याहून मोठा घोळ झाला. सुमारे ९५,००० मतदार नागरिक नसावेत, असं राज्याने जाहीर केलं. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी लगेच ट्विटही केलं. आधार काय, तर वाहन परवाना काढताना या लोकांनी ग्रीन कार्ड दाखवलं होतं. त्यानंतर ते नागरिक झाले असतील, हे जुन्या नोंदीला कसं कळणार? काही दिवसांतच हजारो नावं मागे घ्यावी लागली, प्रकरण कोर्टात गेलं आणि एप्रिलमध्ये राज्याने ती मोहीम गुंडाळली. शिळा डेटा वापरून माणसाला संशयित ठरवणारा प्रोग्रॅम माझ्या टीममध्ये कुणी आणला असता, तर पहिल्याच तपासणीत परत गेला असता.

याद्या स्वच्छ हव्यात, यात वाद नाही. नागरिक नसताना मत दिलं, तर तुरुंगवास आणि देशाबाहेर रवानगी होऊ शकते, इतका कायदा कडक आहेच. तरी कॅन्सासने नोंदणीसाठी नागरिकत्वाचा कागद सक्तीचा केला. सुमारे ३१,००० अर्ज अडकले किंवा रद्द झाले. कोर्टात सिद्ध काय झालं? एकोणीस वर्षांत यादीत शिरलेले जास्तीत जास्त ३९ अ-नागरिक. २०१८ मध्ये कोर्टाने ती सक्ती रद्द केली. तरीही तसाच कागद देशभर मागणारं 'सेव्ह' विधेयक एप्रिल २०२५ मध्ये प्रतिनिधीगृहाने मंजूर केलं.

माझं म्हणणं एवढंच : नोंदी जुळल्या नाहीत, तर शंका घ्या, चौकशी करा, पण निकाल देऊ नका. आणि चूक यंत्रणेची असेल, तर हेलपाटे मतदाराने का घालायचे?

तुमचे कुणी भाऊ-बहीण तिकडे नागरिकत्वाची शपथ घेणार असतील, तर त्यांना सांगा : सोशल सिक्युरिटी आणि परवान्याची नोंद त्याच महिन्यात बदलून घ्या, नाव दोन्हीकडे सारखं ठेवा. मतदानाच्या काही महिने आधी आपली नोंद ऑनलाइन पाहा. केंद्रावर नाव नाही म्हणाले, तर तात्पुरती मतपत्रिका मागा. २००२ च्या कायद्याने तो हक्क दिलेला आहे.