डुकराचे मटण: रसाळ हवे, कच्चे नको

हिंगणघाट तालुक्यातल्या वडनेरसारख्या गावात कोंबडीचे किंवा बकऱ्याचे मटण उघड मिरवत घरी येते. डुकराचे मटण मात्र पिशवीत झाकून येते. खाणारी घरे काही कमी नाहीत, पण त्याविषयी बोलले जात नाही. या लपवाछपवीचे दोन तोटे होतात. ते नीट शिजवायचे कसे, हे शेजारणीला विचारता येत नाही. आणि पुढे कधी घरात कोणाला फिट आली तर डॉक्टरांनाही ते सांगितले जात नाही.

शिजवण्यात चूक दोन्ही बाजूंनी होते. काही जण भीतीपोटी ते इतके शिजवतात की तुकडा चपलेच्या तळव्यासारखा होतो. तरुण मुले मोबाइलवर परदेशी स्वयंपाकी बघतात आणि आतून गुलाबी राहिलेला चॉप तव्यावरून थेट ताटात घेतात. शिवाय आपल्याकडे केस काढण्यासाठी जनावर आगीवर भाजतात. त्यातलाच वरून करपलेला एखादा तुकडा मीठ-तिखट लावून चकण्याला घेतला जातो. कातडी जळलेली असली तरी आतले मांस कच्चेच असते.

चॉप म्हणजे पाठीच्या कण्यालगतचा, हाडासकट कापलेला तुकडा. या स्नायूला कष्ट कमी, म्हणून तो मऊ असतो, पण त्यात चरबीही कमी असते. मांसातली प्रथिने साधारण ५० अंश सेल्सिअसपासून आवळू लागतात. ६६ अंशांच्या पुढे दुसरे एक प्रथिन, ॲक्टिन, आवळते आणि ओल्या फडक्याला पीळ द्यावा तसे स्नायूतले पाणी बाहेर पडते. म्हणूनच चॉप जास्त वेळ शिजवला तर तो मऊ होत नाही, कोरडा होतो. खांद्याच्या किंवा मांडीच्या मांसाचे उलट असते. त्यात चिवट तंतू भरपूर, आणि ते मंद आचेवर तासदीड तासाने विरघळतात. सुके खोबरे आणि खसखस वाटून केलेल्या आपल्या तिखट रश्शाला हेच मांस योग्य. ते कुकरमध्ये टाकले तरी बिघडत नाही, चॉप मात्र कुकरमध्ये टाकू नये.

चॉप रसाळ राहण्यासाठी मिठाचे पाणी उपयोगी पडते. एक लिटर पाण्यात सुमारे ५० ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट तीन मोठे चमचे, विरघळवून त्यात चॉप तासभर फ्रिजमध्ये बुडवून ठेवावा. मिठामुळे प्रथिने थोडी सैल होतात आणि तव्यावर पाणी धरून ठेवतात. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी हा प्रकार टाळून आले-लसूण आणि लिंबावर भागवावे. गोव्याकडे व्हिनेगर घालतात, तेही चालेल. पण आंबट लावल्याने किंवा मुरवल्याने आतली अळी मरते, असे समजू नये. तुकडा बोटाच्या एका पेराएवढा तरी जाड घ्यावा, कारण पातळ तुकडा रंग येईपर्यंतच सुकतो. तो फडक्याने पुसून कोरडा करावा आणि तापलेल्या लोखंडी तव्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस करून घ्यावा. मग आच कमी करून झाकण ठेवावे. उतरवल्यावर पाच मिनिटे तसाच राहू द्यावा. लगेच कापला तर सगळा रस ताटात सांडतो.

आता प्रश्न उरतो तो किती तापवायचे याचा. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०११ मध्ये डुकराच्या अखंड तुकड्यांसाठीची मर्यादा ७१ अंशांवरून ६३ अंशांवर आणली आणि त्यानंतर तीन मिनिटे थांबायला सांगितले. खिम्यासाठी ७१ अंशच कायम ठेवले. मोबाइलवरचा गुलाबी चॉप याच हिशेबातला. पण तिथले डुक्कर बंदिस्त गोठ्यात वाढते आणि कापल्यावर त्याचे मांस तपासले जाते. आपल्याकडे ते गावाबाहेर उकिरड्यावर आणि हागणदारीत चरलेले असू शकते, आणि मांसावर तपासनिसाची नजर पडलेली नसते. म्हणून तो आकडा इथे उसना घेऊ नये. इथल्या चॉपच्या मध्यभागी ७१ अंश गाठलेलेच बरे. मिठाच्या पाण्यातला चॉप तेवढे तापमान सोसतो. स्वयंपाकाचा टोचण्याचा थर्मामीटर आता सहज मिळतो. तो हाडाला न टेकवता मधोमध टोचावा. नुसत्या रंगावर भरवसा ठेवू नये. थर्मामीटर नसेल तर चॉपच्या नादी न लागता रस्साच करावा.

एवढी काळजी घ्यायची ती पट्टकृमी या जंतामुळे. त्याच्या अळ्या डुकराच्या मांसात तांदळाच्या दाण्याएवढ्या, पाणीदार, पांढुरक्या पुटीत बसलेल्या असतात. असे दाणे दिसले तर ते मटण घेऊच नये. मात्र ते दिसले नाहीत म्हणून मटण निर्धोक ठरत नाही. कच्च्या मटणातून अळी पोटात गेली तर आतड्यात काही मीटर लांबीचा जंत वाढतो. बऱ्याचदा त्याचा काहीच त्रास जाणवत नाही. पण त्याची अंडी शौचावाटे बाहेर पडतात. ती डुकराने खाल्ली की त्याच्या मांसात अळ्या होतात. माणसाने गिळली तर अळ्या त्याच्या स्नायूंत, डोळ्यांत आणि मेंदूत जातात. मेंदूतल्या या आजाराला न्यूरोसिस्टिसरकोसिस म्हणतात. गाठ महिने, कधी वर्षे शांत राहते आणि एक दिवस फिट येते. जागतिक आरोग्य संघटनेनुसार हा जंत जिथे मुरलेला आहे, तिथल्या मिरगीच्या सुमारे ३० टक्के रुग्णांमागे तोच कारण असतो.

म्हणजे मेंदूत गाठ होते ती अंड्यांमुळे, मटणातल्या अळीमुळे नव्हे. आयुष्यात मांसाला न शिवलेल्यांनाही ती होते. न्यूयॉर्कमधल्या सनातनी ज्यू वस्तीत, जिथे डुक्कर निषिद्ध, चार जणांना हा आजार झाल्याचे १९९२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये नोंदले गेले. घरकामाला आलेल्या कोणाच्या पोटात जंत होता आणि त्यातून तो पसरला, असा निष्कर्ष निघाला. आपल्याकडे सीटी स्कॅनमध्ये दिसणारी अशी एकुलती गाठ पूर्वी सर्रास क्षयाची समजली जाई. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील राजशेखर आणि चंडी यांनी अशा गाठी तपासल्या, तेव्हा बहुतेक गाठी मरत चाललेल्या अळीच्या निघाल्या. तरीही एखाद्या पोराला फिट आली की ‘डुक्कर खातात ना, म्हणून’ असे बोलून गाव मोकळे होते. या बोलण्याने घरे आणखी लपवू लागतात.

म्हणून ज्यांच्या घरी हे मटण कधीच येत नाही, त्यांनीही पालक, मुळा, सांबार वाहत्या पाण्याखाली पान-पान चोळून धुवावे. शौचानंतर आणि स्वयंपाकापूर्वी हात साबणाने धुवावेत. घराघरांत शौचालय बांधले गेले असेल, पण ते वापरातही असले पाहिजे. डुकरे पाळणाऱ्यांना बंदिस्त गोठ्यासाठी मदत मिळावी आणि कापलेल्या जनावराची तपासणी पशुधन विकास अधिकाऱ्यांकडून व्हावी. त्यांना गावातून हाकलून काही साधत नाही, डुकरे पुढच्या गावात चरतात एवढेच.

प्रौढ वयात पहिली फिट आली, तर घरी काय शिजते ते डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयासारख्या ठिकाणी स्कॅन करून घ्यावा. दुकानातून आणून जंताची गोळी परस्पर देऊ नये. मेंदूत अळ्या असतील तर त्या एकदम मरून सूज येते आणि फिट वाढतात. गाठ अळीचीच निघाली तर घरातल्या सगळ्यांची शौचतपासणी करावी, कारण अंडी टाकणारा जंत त्याच घरात कोणाच्या तरी पोटात असू शकतो आणि त्याला ते माहीत नसते.