शाळेची बातमी कोण लिहिणार?

15 फेब्रुवारी 1855 च्या 'ज्ञानोदय'मध्ये मुक्ता साळवे या पुण्यातल्या शाळकरी मुलीचा निबंध छापून आला. उरलेला भाग 1 मार्चच्या अंकात आला. विषय होता मांग-महारांचं दुःख. जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी ही मुलगी तेव्हा चौदा वर्षांच्या आसपासची. पेशवाईतला जुलूम तिने आडपडदा न ठेवता लिहिला. ज्यांना वेद वाचायचीच बंदी, त्या माणसांचा धर्म कोणता, असं विचारलं. बाळंतिणीच्या डोक्यावर छप्परही नसतं तेव्हा तिचे काय हाल होतात, तेही सांगितलं. मराठीतल्या विद्यार्थी-पत्रकारितेची सुरुवात आम्ही इथून मानतो. हाच निबंध आज एखाद्या शाळेच्या वार्षिकांकासाठी आला तर 'विषय छान आहे बेटा, पण जरा सौम्य कर' असा शेरा मारून परत जाईल, याविषयी आमच्या मनात फारशी शंका नाही.

घनसावंगी तालुक्यातल्या शाळांत मुलं लिहीत नाहीत असं कुणी म्हणू नये. जांब समर्थ हे रामदासांचं जन्मगाव आपल्याच तालुक्यात, त्यामुळे समर्थांवरचा निबंध तर निम्म्या मुलांना पाठ असतो. शिवाय 'पाणी वाचवा', 'माझा आवडता नेता' आणि 'मोबाइल : शाप की वरदान' आहेतच. (हा शेवटचा विषय पहिल्यांदा ज्याने काढला त्याला एकदा भेटायची इच्छा आहे.) पण तीर्थपुरीहून किंवा कुंभार पिंपळगावहून येणाऱ्या मुलीची एसटी आठवड्यातून किती वेळा चुकते, ऊसतोडीला गेलेल्या आईबापांमागे दिवाळीनंतर वर्गातली किती मुलं गळतात, शाळेच्या टाकीत पाणी कधीपासून नाही, हे कोणत्याच भित्तिपत्रकावर वाचायला मिळत नाही. हे सगळं मुलांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं.

1 सप्टेंबर 2023 रोजी शेजारच्या अंबड तालुक्यात, अंतरवाली सराटीत, मराठा आरक्षणाच्या उपोषणस्थळी लाठीमार झाला आणि देशभरचे कॅमेरे आपल्या रस्त्यांवर आले. फेब्रुवारी 2024 मध्ये आंदोलनामुळे जालना जिल्ह्यातलं इंटरनेट काही काळ बंद झालं. त्याच वर्षी जूनमध्ये वडीगोद्रीला लक्ष्मण हाके ओबीसी आरक्षणासाठी उपोषणाला बसले. दोन्ही गावं एकाच तालुक्यातली, आणि दोन्ही बाजूंच्या घरांतली मुलं एकाच बाकावर. इतकी मोठी बातमी दारात घडत असताना आम्ही पाहिलेल्या भित्तिपत्रकांवर वृक्षारोपणाची चित्रं होती.

गुरुजींनी विषय का टाळला, ते आम्हाला कळतं. वर संस्थाचालक, समोर पालक, गावात दोन गट आणि खिशात प्रत्येकाच्या मोबाइल. जुलै 2025 मध्ये तर सरकारी कर्मचाऱ्यांनी समाजमाध्यमांवर शासनाच्या धोरणांवर टीका करू नये, असा शासन निर्णयच निघाला. जपून बोलणाऱ्या माणसाने मुलांना मोकळं बोलायला शिकवावं ही अपेक्षा जरा जास्तच आहे. पण गप्प बसवलेलं मूल गप्प बसत नाही, ते स्टेटस ठेवतं. स्टेटसला कुणी विचारत नाही की हे तुला कुणी सांगितलं, तू स्वतः पाहिलंस का, समोरच्याचं म्हणणं घेतलंस का. हे प्रश्न विचारायची सवय लावणारी एकच जागा शाळेत असू शकते, ती म्हणजे मुलांनी चालवलेलं वार्तापत्र. त्या दोन वर्षांत अंतरवाली आणि वडीगोद्रीवर एकाच वर्गातल्या दोघांनी मिळून एक बातमी लिहिली असती, तर व्हॉट्सॲपवरच्या शंभर संदेशांपेक्षा ती वर्गाला अधिक उपयोगी पडली असती, असं आमचं ठाम मत आहे.

कायद्याची भीती घालणाऱ्यांनी कायदाही वाचावा. राज्यघटनेचं कलम 19 अभिव्यक्तिस्वातंत्र्य नागरिकांना देतं, त्यात वयाची अट नाही. राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहणारी, पण धार्मिक श्रद्धेमुळे न गाणारी केरळमधली तीन भावंडं शाळेने काढून टाकली. सर्वोच्च न्यायालयाने 1986 मध्ये बिजो इमॅन्युएल खटल्यात त्यांना परत घ्यायला लावलं. मे 2025 मध्ये पुण्यातल्या एका अभियांत्रिकी विद्यार्थिनीला समाजमाध्यमावरच्या मजकुरासाठी अटक झाली. तिने तो मजकूर काढून माफीही मागितली होती, तरी महाविद्यालयाने तिला काढून टाकलं. मुंबई उच्च न्यायालयाने सरकारला आणि महाविद्यालयाला खडे बोल सुनावले, तिला जामीन दिला आणि परीक्षेची वाट मोकळी केली.

अमेरिकेत मात्र 1988 च्या हेझलवूड खटल्यात न्यायालय मुख्याध्यापकाच्या बाजूने गेलं. शालेय वृत्तपत्राची दोन पानं त्याने छपाईआधी काढली होती. विद्यार्थिनींचं गरोदरपण आणि आईवडिलांचे घटस्फोट यांवरचे लेख त्यांत होते. आपल्याकडे बालविवाहावर घोषणा स्पर्धा होते, बक्षिसं वाटली जातात, आणि तुळशीच्या लग्नानंतर शेजारच्या बाकावरची मैत्रीण शाळेत यायची थांबली हे कुणी लिहिलं तर तो कागद स्टाफरूमच्या कपाटात जातो. त्या मैत्रिणीचं नाव, गाव छापता येत नाही आणि छापूही नये. अल्पवयीन मुलांची ओळख जपणं हा पत्रकारितेतला पहिल्या दिवसाचा धडा आहे. नाव गाळून बातमी लिहिता येते. मात्र बातमीच गाळण्यासाठी या नियमाची ढाल करू नये.

साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत असताना वसतिगृहातल्या मुलांसाठी हस्तलिखित 'छात्रालय' दैनिक काढत, पुढे त्यांनी 'विद्यार्थी' मासिक काढलं. गुरुजींविषयी आदर बाळगूनही सांगायला हवं की 'छात्रालय' लिहीत होते मुख्यतः तेच, मुलं वाचत होती. त्यानंतरच्या जवळपास शंभर वर्षांत एवढी एक पायरी आपण चढायला हवी होती.

मराठवाड्याने तर ती चढायला हवीच होती. 1938 मध्ये उस्मानिया विद्यापीठाच्या आणि औरंगाबादच्या महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना 'वंदे मातरम्' म्हटलं म्हणून काढून टाकलं गेलं, तेव्हा नागपूर विद्यापीठाने त्यांना दार उघडलं. आ. कृ. वाघमारे यांच्या 'मराठवाडा' साप्ताहिकावर निझाम सरकारने बंदी घातली. आता 17 सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन होतं, मुलं स्वामी रामानंद तीर्थांवर भाषणं पाठ करून म्हणतात आणि ती आधी वर्गशिक्षकांकडून तपासून घेतलेली असतात. मुक्तिसंग्रामात वर्गाबाहेर पडलेली मुलं कुणाकडून काही तपासून घेऊन गेली नव्हती.

हा अंक निघतोय तेव्हा मोसंबीचे भाव, कापसाची बोंडं आणि कारखान्याचा पहिला हप्ता यांच्या गप्पा पारावर रंगल्या असतील. नेहमीप्रमाणे कथा, कविता, लेख आत आहेतच. पुढच्या दिवाळीला आम्ही सोळा पानं तालुक्यातल्या आठवी ते दहावीच्या मुलांच्या बातम्यांसाठी राखून ठेवत आहोत. मुख्याध्यापकांना आणि गुरुजींना विनंती आहे की शुद्धलेखन तपासा, नाव-गावाची खातरजमा करा, कुणाची बदनामी होत असेल तर थांबवा. मत मात्र बदलू नका. त्यावर तुमचं उत्तर असेल तर त्याच पानावर छापू. आणि मुलांनो, ऑगस्टअखेर लेखन आमच्याकडे पाठवा. अक्षर कसंही चालेल. काय घडलं, कुठे, कधी, कुणी सांगितलं आणि समोरचा काय म्हणाला, एवढं मात्र नीट लिहा.