घोकलेला निबंध चालणार नाही!

ऑगस्ट-सप्टेंबर उजाडला की परदेशी विद्यापीठांत पदव्युत्तर शिक्षणासाठी जाऊ पाहणाऱ्या मुलामुलींची धावपळ सुरू होते. डिसेंबर-जानेवारीपर्यंत अर्ज गेले पाहिजेत. त्याआधी प्रवेश परीक्षा, शिफारसपत्रे, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि जात पडताळणी! या धावपळीत आता आपल्या वस्त्यांमधील मुलेही दिसू लागली आहेत, याचा आम्हाला अभिमान वाटतो. मात्र या मुलांशी बोलताना एक गोष्ट वारंवार कानी येते. जीआरई परीक्षेतील गणिताला ती भीत नाहीत. इंग्रजी शब्दांच्या याद्या पाठ करायलाही ती तयार असतात. भीती वाटते ती निबंधाची. आम्ही मराठी माध्यमाचे, आमचे इंग्रजी कच्चे, आम्हाला निबंध कसा जमणार, हा त्यांचा प्रश्न. इंग्रजी कच्चे असेल, ते मेहनतीने पक्के करता येते. परंतु आमच्या मते निबंध खरा अडतो तो युक्तिवादापाशी, आणि युक्तिवाद करायला आपल्या मुलांना कोणत्याही इयत्तेत शिकवलेले नसते.

ही परीक्षा काय मागते ते आधी नीट पाहू. ईटीएस ही अमेरिकन संस्था जीआरई घेते. पूर्वी तिच्यात दोन निबंध असत. सप्टेंबर २०२३ पासून एकच उरला आहे. संगणकाच्या पडद्यावर एक विधान येते आणि ३० मिनिटांत त्यावर आपली भूमिका लिहायची असते. विधानाशी तुम्ही किती सहमत आहात, ते कुठे खरे ठरते, कुठे फसते आणि का, एवढेच सांगायचे. गुण शून्य ते सहा, अर्ध्या-अर्ध्या गुणाच्या पायऱ्यांनी. निबंध एक माणूस तपासतो आणि एक संगणकीय प्रणाली तपासते. दोघांत फार तफावत पडली तर दुसरा माणूस बोलावतात. सर्वांत वरचे सहा गुण मिळवणाऱ्या निबंधातही भाषेच्या किरकोळ चुका असू शकतात, असे परीक्षा घेणारी संस्थाच सांगते. म्हणजे एखादे क्रियापद चुकले म्हणून आपली मुलगी नापास होत नाही. विचार कुठल्या कुठे भरकटला तर मात्र गुण जातात. आणि हे फार थोड्यांना माहीत असते की परीक्षेत येऊ शकणाऱ्या सर्व विधानांची यादी संस्थेने आपल्या संकेतस्थळावर फुकट ठेवली आहे. सोबत नमुन्याचे निबंध आहेत, त्यांना किती गुण का दिले याची कारणेही आहेत. क्लासवाले तीच यादी छापून आपल्याला विकतात!

आता आपल्या शाळेतील निबंध आठवा. 'माझा आवडता ऋतू', 'सूर्य उगवला नाही तर', 'शेतकऱ्याचे मनोगत'. मार्गदर्शकातून उतरवायचा, पाठ करायचा, परीक्षेत ओकायचा. सुरुवातीला सुविचार, शेवटी कवितेच्या दोन ओळी. मास्तर किंवा बाई विचारत नाहीत की बाळ, हे तुझे मत आहे का, आणि असेल तर कशावरून? पुढे पदवीला गाइड, स्पर्धा परीक्षेला चार पर्यायांतून एक. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची प्रवेश परीक्षा लेखी उत्तरांची म्हणून ओळखली जाई. खेड्यातला, कोणत्याही माध्यमातला मुलगा तिथे आपल्या विचाराच्या बळावर पोहोचत असे. २०१९ पासून तीही बहुपर्यायी झाली. तिकडे राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक करण्याचे लोकसेवा आयोगाने ठरवले, तेव्हा २०२३ च्या सुरुवातीला पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि बदल २०२५ पर्यंत पुढे गेला. तयारीला वेळ द्या ही मागणी रास्तच होती. वर्षानुवर्षे गोळे काळे करायला लावलेल्या पोरांच्या हाती एकदम २५० गुणांचा निबंध दिला तर ती बावरणारच. पण त्या आंदोलनाच्या निमित्ताने एक गोष्ट उघडी पडली. पदवीधर झालेल्या मुलालाही पानभर स्वतःचे मत लिहिण्याचा सराव नसतो.

या भीतीवर क्लासवाले साचा विकतात. पहिला परिच्छेद असा, दुसरा तसा, मध्ये कुणा थोराचे वचन, शेवटी 'सारांश'. विषय कोणताही असो, साचा तोच. ईटीएसकडे निबंधांतील सारखेपणा पकडणारी प्रणाली आहे. दुसऱ्याच्या मजकुराशी फार जुळणारा निबंध सापडला तर गुण रद्द होऊ शकतात. म्हणजे फीही गेली, वर्षही गेले. ज्याच्या घरात परीक्षेची फी भरण्यासाठी आईने भिशी उचलली आहे, त्याला हा साचा केवढ्याला पडतो?

आमचा आग्रह असा की नमुना शोधायला आपल्याला बाहेर जाण्याची गरज नाही. १८५५ साली जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी मुक्ता नावाची मातंग समाजाची मुलगी, वय अवघे चौदा वर्षे, मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिते आणि 'ज्ञानोदय' तो १५ फेब्रुवारी व १ मार्चच्या अंकांत छापतो. तो निबंध आपण जयंतीच्या भाषणांत गौरवतो, पण तो कसा रचला आहे हे किती जण पाहतात? मुक्ता आधी प्रतिपक्षाचे म्हणणे मांडते. वेदांवर एका वर्णाचाच हक्क आहे असे तुम्ही म्हणता ना? ठीक. मग त्यातून काय निघते? ज्यांना वेद बघण्याचाही अधिकार नाही, त्यांच्यापाशी धर्मग्रंथ नाही. मग आमचा धर्म तरी कोणता? समोरच्याचे वाक्य घेऊन त्याच्याच पायरीने त्याला कोंडीत पकडायचे, ही रीत. त्यानंतर ती आपल्या लोकांच्या हालअपेष्टा सांगते, म्हणजे दाखले देते. जीआरईचा परीक्षक याहून वेगळे काही मागत नाही. मुक्ताने हे मराठीत केले. ज्याला मराठीत वाद घालता येत नाही, त्याला इंग्रजीत घालता येईल कसा?

दुसरा नमुना बाबासाहेबांचा. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. त्यात ते सेनार्ट, नेसफील्ड, रिस्ले आणि आपले डॉ. केतकर या चौघांनी केलेल्या जातीच्या व्याख्या एकेक करून तपासतात. कुणालाही मूर्ख म्हणत नाहीत. कुणाच्या व्याख्येत काय बरोबर आहे, काय सुटले आहे, हे दाखवतात. केतकरांच्या जवळ जातात, पण त्यांच्याही पुढे जाऊन सांगतात की जातीचे मूळ जातीअंतर्गत विवाहात आहे. आधी इतरांचे तोलणे, मग स्वतःचे ठामपणे मांडणे. पुढे १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने परिषद रद्द केली आणि न झालेले भाषण बाबासाहेबांनी स्वतः छापले. गांधीजींनी 'हरिजन'मधून त्यावर टीका केली. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी गांधीजींची ती टीका आपल्याच पुस्तकात छापली आणि तिच्यापाठोपाठ उत्तर दिले. विरोधकाला आपल्या घरात बसवून त्याच्याशी वाद घालण्याची ही हिंमत! आपल्या आजच्या स्टेजवर ती किती दिसते? विरोधकाला चार विशेषणे हाणली, टाळ्या पडल्या, की भाषण संपते. मुले तेच ऐकून मोठी होतात आणि निबंधातही तेच उतरते. टाळ्यांना परीक्षेत गुण नाहीत.

समजा, वसईच्या भुईगावातील एका बौद्ध कुटुंबातील मुलगी परीक्षेला बसली आहे. वसई रोडला यायचे, चर्चगेटची गाडी पकडायची, लोंबकळत कॉलेज गाठायचे, असे करत तिने पदवी घेतली आहे. समजा पडद्यावर या धर्तीचे विधान आले: 'शहराचा विकास व्हायचा तर थोडेफार नुकसान सोसावेच लागते.' साच्यातला विद्यार्थी लिहील, विकास ही काळाची गरज आहे, परंतु पर्यावरणही जपले पाहिजे. झाले, दोन गुण. आमची मुलगी विधानातील एका शब्दावर बोट ठेवील: 'थोडेफार' म्हणजे किती, आणि ते ठरवतो कोण? मग तिला दाखल्यांसाठी अमेरिकेच्या इतिहासात शिरावे लागत नाही. वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासोबत लोक उभे राहिले, ते तिने घरात ऐकलेले असते. २००९ साली महानगरपालिका झाली तेव्हा गावांनी केलेला विरोध तिला ठाऊक असतो. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार दिवसचे दिवस पाण्यात होते, हे तिने डोळ्यांनी पाहिलेले असते. इथवर ती विधानाच्या विरोधात आहे. पण इथेच थांबली तर निबंध अर्धा राहील. तिने स्वतःलाच अडचणीचा प्रश्न विचारला पाहिजे. वसई-विरारच्या नळाला सूर्या प्रकल्पाचे पाणी येते. ते धरण डहाणू-पालघर-विक्रमगडच्या शेतीसाठी म्हणून बांधले होते. मग आपण ज्या गावाची बाजू घेतो, तेच गाव दुसऱ्या कुणा आदिवासी शेतकऱ्याच्या नुकसानीवर पाणी पीत नाही काय? हा प्रश्न तिने लिहिला आणि त्याला उत्तर दिले, जसे की नुकसान सोसणाऱ्याची संमती आणि त्याचा फायद्यातला वाटा असल्याशिवाय कोणतेही नुकसान 'थोडेफार' ठरत नाही, तर परीक्षक, मग तो माणूस कुठलाही असो, खुर्चीत सरळ होऊन वाचील. इंग्रजी साधे असले तरी चालेल. छोटी वाक्ये लिहावीत, जी येतात तीच लिहावीत.

भुईगावापासून काही किलोमीटरवर सोपाऱ्याचा स्तूप आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो उकरला. सोपाऱ्यातच अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे मिळाले. सम्राटानेही आपले म्हणणे लोकांच्या बोलीत, प्राकृतात कोरून ठेवले होते. हे आम्ही जाता जाता सांगितले. पण त्या परिसरातील मुलाने लेखनाला परके समजावे हे आम्हाला पटत नाही.

आता सरकारकडे वळू. ज्यांनी आधार द्यायचा त्यांची तऱ्हा काय? केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालू आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिच्या नियमांत असे कलम घातले गेले की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरील सामाजिक अभ्यास या विषयांसाठी ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. म्हणजे भारतातील जातींवर लिहू पाहणारा पंचवीस वर्षांचा भीमराव या नियमाने अपात्र ठरला असता! बडोद्याच्या संस्थानिकाने १९१३ साली अशी अट घातली नव्हती. २०२५ साली या शिष्यवृत्तीसाठी १०६ जणांची निवड झाली, पण पहिल्यांदा पत्रे मिळाली ४० जणांना. उरलेल्या ६६ जणांना निधी उपलब्ध झाला तर पाहू, असे उत्तर. बोंबाबोंब झाली तेव्हा सरकार हलले. आपले दुःख कुणी लिहायचे आणि कुठे बसून लिहायचे, हा यातला प्रश्न आहे. तो रस्त्यावर आणि न्यायालयात लढावा लागेल. पण ज्या दिवशी दार उघडेल त्या दिवशी आत जायला तयार मुले लागतील. करोनानंतर अनेक विद्यापीठांनी जीआरईची सक्ती सोडली, तरी अर्जासोबतचे उद्देशपत्र कुणी सोडलेले नाही. तोही निबंधच. मी काय शिकणार आणि का, हे तिथे साच्याने सांगता येत नाही.

करायचे काय, तर फार खर्चाचे काही नाही. रविवारी विहारात वंदना झाली की तासभर राखून ठेवावा. ईटीएसच्या यादीतले एक विधान घ्यावे, मराठीत करून फळ्यावर लिहावे. निम्म्या मुलांनी बाजूने, निम्म्यांनी विरोधात बोलावे आणि पुढच्या रविवारी बाजू बदलाव्यात. ज्याला विधान अजिबात पटत नाही त्याला मुद्दाम त्याच्याच बाजूने उभे करावे. मग ३० मिनिटे घड्याळ लावून लिहायचे, आधी दोन महिने मराठीत, नंतर इंग्रजीत. तपासायला प्राध्यापकच हवा असे नाही. वाचणाऱ्याने समासात 'कशावरून?' एवढे लिहीत जावे. आपल्यातले जे शिक्षक निवृत्त होऊन घरी बसले आहेत, त्यांना याहून चांगले काम कोणते?

आणि टंकलेखन विसरू नका. परीक्षेत निबंध संगणकावर टाइप करावा लागतो आणि तिथे चुकीचे स्पेलिंग लाल रेघ मारून दाखवणारी सोय नसते. बोट अक्षर शोधत फिरले तर अर्धा वेळ तिथेच जातो. मिनिटाला ३० शब्दांचा शासकीय टायपिंग कोर्स आपली मुले नोकरीसाठी करतातच, तो आधी करावा.

राहिला जागेचा प्रश्न. ही परीक्षा घरूनही देता येते, पण अट अशी की खोलीत दुसरे कुणी नको, दार बंद हवे, कॅमेऱ्यातून कुणीतरी सतत पाहत असते आणि मध्येच माणूस आत आला तर परीक्षा रद्द होऊ शकते. दीड खोलीत पाच जण राहणाऱ्या घरात ही खोली आणायची कुठून? केंद्रावर जाऊन परीक्षा देणे शक्य असेल तर तेच बरे. ते जमत नसेल तर ज्या विहारांना वरचा मजला आहे, कार्यालय आहे, त्यांनी एक टेबल, एक खुर्ची, चालणारा संगणक, बॅटरीची सोय आणि आतून कडी लागणारे दार एवढे उभे करावे. परीक्षेच्या दिवशी जिन्यात एक कार्यकर्ता बसवावा आणि त्या दोन तासांत लाउडस्पीकर बंद ठेवावा.