जुनी सायकल मोडीत काढावी काय?

नांदेड व लातूर या आपल्या दोन्ही शहरांत हल्ली एक गोष्ट वारंवार दृष्टीस पडते. घरातील वडील मनुष्य अठ्ठावन्नाव्या वर्षी सरकारी अथवा शाळेच्या नोकरीतून मोकळा होतो. सत्कार होतो, शाल-श्रीफळ मिळते. आणि त्यानंतर महिना-दोन महिन्यांच्या आत घराची झाडलोट निघते. त्या झाडलोटीत सर्वांची नजर प्रथम जाते ती जिन्याखाली उभ्या असलेल्या जाड टायरांच्या जुन्या सायकलीवर. भंगारवाला ती किलोच्या भावाने घेऊन जातो. तिच्या मालकास कोणी विचारलेले असतेच असे नाही. आणि विचारले तरी 'आता तुम्हांला ती काय करायची?' या प्रश्नाचे उत्तर सर्वांदेखत देणे त्यास जड जाते. ते उत्तर त्याच्या वतीने आम्ही द्यावे, असे मनात आहे.

आम्ही बोलतो ती सायकल म्हणजे जुन्या काळची काळी, उंच, वाकड्या दांड्याची सायकल नव्हे. 1990 च्या दशकात आपल्या बाजारात सरळ हँडलची, 26 इंची चाकांची व उंचवट्यांच्या जाड टायरांची सायकल सर्रास दिसू लागली. इंग्रजीत तिला माउंटन बाइक म्हणतात. आपल्याकडे एका कंपनीच्या सायकलीचे 'रेंजर' हे नाव साऱ्या जातीसच चिकटले, मग तिला गिअर असोत वा नसोत. त्या काळी पंचविशी-तिशीत असलेली व नोकरीस नुकतीच लागलेली जी मंडळी, तीच आज सेवानिवृत्त होत आहेत. तेव्हा हा प्रश्न एका घरचा नव्हे, एका पिढीचा आहे.

मराठवाड्यात डोंगर तो कोठे, की डोंगराची सायकल लागावी, असे कोणी विचारील. बालाघाटच्या रांगा आहेत, माहूरचा गड आहे, उदगीरजवळचे हत्तीबेट आहे. तथापि खरे कारण डोंगर नव्हे, माती आहे. पावसाळ्यात कंधार, मुखेड, अहमदपूर, औसा या बाजूची काळी माती ज्याने तुडविली आहे त्यास हे सांगावयास नको. साध्या सायकलीचे चाक व मडगार्ड यांमध्ये ती चिकण माती अशी काही बसते की दहा पावलांत चाक फिरेनासे होते, आणि मग स्वारावर सायकल नव्हे तर सायकलीवर स्वार नव्हे, अशी स्थिती होऊन सायकल खांद्यावर घेऊन चालावे लागते. जाड टायरांच्या सायकलीस चाकाभोवती मोकळी जागा अधिक. ती या चिखलातून निभावून जाई. वेड्या बाभळीच्या काट्यापुढे मात्र तिचेही काही चालत नसे. खेड्यातील शाळेवर रोज जाणारे शिक्षक, तारा तपासीत फिरणारे लाईनमन, टपाल वाटणारे पोस्टमन यांस ती म्हणूनच आवडली. आपल्या लोकांनी तिला मागे कॅरिअर लावले, भक्कम स्टँड लावला, पुढल्या दांड्यावर मुलासाठी छोटी सीट बसविली. ज्यांनी ही सायकल प्रथम घडविली त्यांना डबा व दप्तर वाहणारे तिचे हे रूप पाहून हसू आले असते.

ती प्रथम घडली कशी, ही कथा आमच्या विद्यार्थिमित्रांनी मुद्दाम ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात, मरिन परगण्यात, काही तरुण मंडळींस डोंगरावरून कच्च्या वाटेने सायकलीवर उतरण्याचा नाद लागला. बाजारातील नव्या, पातळ टायरांच्या शर्यतीच्या सायकली त्या वाटेवर टिकत ना. मग त्यांनी 1930 व 1940 च्या दशकांतील, श्विन कंपनीने मुलांकरिता बनविलेल्या, जाड टायरांच्या टाकाऊ सायकली अडगळीतून शोधून काढल्या. फेअरफॅक्स गावाजवळच्या एका वाटेवर 1976 साली त्यांच्या शर्यती सुरू झाल्या. ती वाट सुमारे दोन मैलांत तेराशे फूट खाली उतरते. त्या सायकलींचा ब्रेक मागील चाकाच्या तुंब्यातच असे. तो उतरणीवर इतका तापे की आतील ग्रीस जळून धूर निघे, व प्रत्येक उतरणीनंतर ते नव्याने भरावे लागे. म्हणून त्या वाटेस 'रिपॅक', म्हणजे पुन्हा भरणे, हेच नाव पडले. पुढे 1977 साली त्यांपैकीच जो ब्रीझ याने या कामाकरिता स्वतंत्र नवा सांगाडा घडविला, आणि त्यातून जगभर पसरलेली ही सायकल निघाली. चाळीस वर्षांची मोडकी सायकल भंगारात न देता कोणी तरी ठेवून दिली होती, म्हणून हे घडले.

आता पालकांच्या आक्षेपाकडे वळू. तो निव्वळ हौसेचा विटाळ नाही. त्यात काळजी आहे. 'वय झाले, रस्त्यावर रहदारी वाढली, पडलात तर हाड मोडेल,' असे मुले म्हणतात ते खोटे नाही. 2008 साली गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीनिमित्त नांदेडचे रस्ते रुंद झाले, परंतु त्या रुंदीचा लाभ मोटारींनी अधिक घेतला. लातुरात शिकवणीच्या वर्गांच्या दारांशी पूर्वी सायकलींची दाटी असे, तेथे आज स्कूटरी उभ्या असतात. अशा गर्दीत संध्याकाळी सहा वाजता साठीच्या गृहस्थाने सायकल घालावी, असे आम्हीही म्हणणार नाही. पण पहाटेचा रस्ता तोच असला तरी तो वेगळा असतो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसास आठवड्यातून निदान दीडशे मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला आहे, आणि पासष्टीपुढील माणसांस तर तोल सांभाळण्याचा सराव आठवड्यातून तीन दिवस निराळा सांगितला आहे. ज्या मनुष्याने तीस वर्षे दोन चाकांवर तोल सांभाळला त्याची सायकल काढून घेऊन त्यास बागेतील बाकावर बसविणे, ही काळजी उलट्या बाजूने घेतल्यासारखी होते. बैठक दोन बोटे खाली घ्यावी, म्हणजे थांबताच दोन्ही पाय जमिनीस टेकतात. पुढे-मागे दिवा लावावा. गुडघा अथवा डोळा तक्रार करील तर डॉक्टरांस विचारावे. एवढ्यावर बहुतेकांचे भागते.

याहून खोल अशी एक गोष्ट आहे, ती मात्र हिशेबात बसत नाही. निवृत्त माणसाजवळून एका दिवसात पुष्कळ काही जाते: हजेरीपट, टेबल, 'सर' अथवा 'साहेब' म्हणून होणारी हाक. राहते ते फार थोडे, आणि त्या थोड्यात ही सायकल असते. तिच्या हँडलाच्या मुठी त्याच्याच तळव्यांनी झिजलेल्या असतात. तिच्या दांड्यावरील सीटवर तुमचे वडील किंवा तुमची आत्या बसून शाळेस गेलेली असते. निवृत्त शिक्षिकाबाईंच्या बिनदांड्याच्या सायकलीस हे सारे तितकेच लागू आहे. किंबहुना ज्या काळी खेड्याच्या वाटेवर सायकलीवरून जाणाऱ्या बाईकडे लोक वळून पाहत, त्या काळी तिने ती चालविली, हे अधिक. अशा वस्तूची किंमत भंगारवाल्याच्या काट्यावर करू नये, एवढेच आमचे म्हणणे.

परंतु ठेवणे म्हणजे खिळ्यास टांगून ठेवणे नव्हे, आणि येथे आम्ही जुन्या वस्तूंच्या भक्तांशीही भांडू इच्छितो. पुण्यास कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांनी जुन्या सायकलींचे संग्रहालय उभारले आहे. त्यात दुसऱ्या महायुद्धात हवाई छत्रीने उतरणाऱ्या सैनिकांची घडीची सायकलही आहे. तेथे ती शोभते, कारण तिची निगा राखणारे हात तेथे आहेत. घरचा जिना हा संग्रहालय नव्हे. उभ्या सायकलीचे मरण हळूहळू येते: हवा उतरते, सगळा भार टायराच्या एकाच जागेवर पडून तेथे ते चिरते, आपल्या उन्हाळ्यात रबर वाळते, तुंब्यातील ग्रीस मेणासारखे घट्ट होते व छर्रे कोरडे पडतात. चालती सायकल त्या मानाने पुष्कळ टिकते. पोलादी सांगाडा तडकला तरी वेल्डिंगवाला तो जोडू शकतो, हा या जुन्या जड सायकलींचा मोठा गुण आहे. आजच्या हलक्या अॅल्युमिनियमच्या सांगाड्याबाबत तसे सहज होत नाही. चेनीची परीक्षा तर शाळकरी मुलासही करता येईल. चेनीच्या एका पिनेपासून दुसरीपर्यंत बरोबर अर्धा इंच असतो. म्हणून चोवीस कड्या बारा इंच भरल्या पाहिजेत. पट्टी लावून पाहावी. बारा इंचांवर एक अष्टमांश इंच वाढ दिसली तर चेन बदलावयाची वेळ केव्हाच उलटून गेली, व ती दातेरी चक्रेही खाऊ लागली असे समजावे.

विद्यार्थिमित्रांनो, हे काम तुमचे. आजोबांस वा काकांस त्या सायकलीचे तेलपाणी एकट्याने करू देऊ नका, आणि तुम्ही एकट्यानेही करू नका. दोघांनी मिळून करा. चाकाचा आउट कसा काढतात, पंक्चरची जागा पाण्याच्या घमेल्यात कशी शोधतात, हे त्यांस येते व तुम्हांस येत नाही. आणि डॉक्टरांनी खरोखरच मनाई केली असेल, तर सायकल त्यांच्या हातून, त्यांच्या देखत, चालविणाऱ्यास द्यावी. मानव विकास कार्यक्रमाखाली मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जाण्याकरिता सायकली दिल्या जातात. त्यावरून खेड्यापाड्यांत सायकलीची गरज अद्याप संपलेली नाही हे उघड आहे. देताना पंप व पाने बरोबर द्यावेत.

दुरुस्तीस जावयाचे तर उन्हाळ्यापूर्वी जावे. 26 इंची टायर अद्याप मिळते, मात्र नवीन सायकलींची चाके मोठी होऊ लागल्यामुळे दुकानदार प्रथम 'नाही' म्हणण्याचा संभव आहे. त्यास आतल्या फळीवर पाहावयास सांगावे. आणि चाकाचा आउट हाताने काढणारा म्हातारा कारागीर आपल्या गल्लीत अजून बसत असेल, तर काम नवीन दुकानात न देता त्याच्याकडे द्यावे. तोही निवृत्त होण्याच्या वयाचाच असतो, आणि त्याची पेटी कोणी अजून उचलून नेलेली नसते.