प्रतिकारशक्तीचे कुलूप दोन किल्ल्यांचे

कपाशीच्या वावरात पायात धसकट घुसले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जांघेत दुखरी गाठ येते. खामगाव तालुक्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, तो तिला 'अवधाण' म्हणेल. जखम पायाला आणि गाठ जांघेत का, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. त्याचे उत्तर घरोघरी ठाऊक असते, तर औषध दुकानांतल्या 'इम्युनिटी बूस्टर'च्या बऱ्याच बाटल्या फळीवरच राहिल्या असत्या.

अवधाण म्हणजे सुजलेली लसिका ग्रंथी. कातडीत डेंड्रायटिक नावाच्या, फांद्या फुटल्यासारख्या दिसणाऱ्या पेशी पहाऱ्यावर असतात. जंतू आत शिरले की त्या त्यांना गिळतात, त्यांचे तुकडे करतात आणि ते जवळच्या ग्रंथीत नेऊन स्वतःच्या अंगावर मांडतात. तिथे मदतनीस टी पेशींची सतत ये-जा चालू असते. प्रत्येक टी पेशीला एकच ठरावीक तुकडा ओळखता येतो. त्यामुळे नेमकी हवी ती पेशी लाखांत एखादीच. आणि ती भेटली, तरी लगेच कामाला लागत नाही.

हा कारभार बँकेच्या लॉकरसारखा आहे. चांदीच्या बाजारपेठेच्या या गावाला तो वेगळा समजावून सांगायला नको. ओळखीचा तुकडा ही पहिली किल्ली. दुसरी किल्ली म्हणजे डेंड्रायटिक पेशीवरची बी-७ प्रथिने. ती टी पेशीवरच्या सीडी-२८ या खाचेत बसतात. जंतूची किंवा नासधुशीची खूण सापडली, तरच ही प्रथिने पुरेशी बाहेर येतात. नुसत्या पहिल्या किल्लीने टी पेशी जागी होत नाही, उलट निपचित पडते. ही अडचण शरीराने मुद्दाम करून ठेवली आहे. शरीराचे स्वतःचे तुकडेही रोज असेच मांडले जातात, त्यांच्यावर हल्ला होऊन कसे चालेल? दोन्ही किल्ल्या लागल्या की ती एक पेशी दुपटी-दुपटीने वाढत काही दिवसांत हजारोंच्या घरात जाते. मग त्यांतल्या काही प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींना कामाला लावतात, काही जंतू गिळणाऱ्यांना चेव आणतात. एचआयव्ही नेमक्या याच मदतनीस पेशी मारतो, म्हणून एरवी किरकोळ ठरणारे जंतूही त्या रुग्णाच्या जिवावर उठतात.

ही व्यवस्था जबरदस्तीने 'बूस्ट' केली तर काय होते, ते लंडनमध्ये मार्च २००६ मध्ये दिसले. टीजीएन-१४१२ हे औषध पहिल्या किल्लीची वाट न पाहता थेट सीडी-२८ला चेतवत होते. प्राण्यांत निर्धोक ठरलेल्या मात्रेच्या पाचशेव्या हिश्शाइतके औषध सहा धडधाकट तरुणांना दिले गेले. काही तासांतच सहाही जण अत्यवस्थ झाले, त्यांचे एकापाठोपाठ एक अवयव निकामी होऊ लागले. सारे वाचले, पण अतिदक्षता विभागात राहून. तेव्हा एखादी बाटली नावाप्रमाणे खरोखर काम करू लागली, तर तिची भीतीच बाळगायला हवी. सुदैवाने बाजारातल्या बाटल्या असे काही करत नाहीत.

दोन्ही किल्ल्या रीतसर हाती देते ती लस. धनुर्वाताच्या लसीत निर्विष केलेले विष असते, ती पहिली किल्ली. सोबतचा ॲल्युमिनियमचा क्षार दुसरी किल्ली बाहेर काढायला लावतो. टोचल्यावर दंड थोडा सुजतो, तो याच खटपटीमुळे. प्रत्यक्ष आजारात मात्र जंतूचे विष इतक्या अल्प मात्रेत मारक ठरते, की शरीराला त्याची शिकवण मिळतच नाही. धनुर्वातातून वाचलेल्यालाही लस घ्यावी लागते, ती त्यामुळे.

आणि इथेच खरी अडचण आहे. आपल्याकडे मोठी माणसे हे इंजेक्शन जखम झाल्यावर घेतात. आधी लस झालेली असेल, तर जुन्या आठवणीच्या पेशी काही दिवसांत उभ्या राहतात. पूर्वी कधीच घेतली नसेल, तर पहिल्या डोसाने पुरेसे संरक्षण मिळत नाही. मळक्या, खोल जखमेसाठी अशा माणसाला तयार प्रतिपिंडांचे वेगळे इंजेक्शन द्यावे लागते.

सरकारी लसीकरणात मुलांना सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट, दीड वर्षाच्या सुमारास आणि पाचव्या वर्षी बूस्टर, मग दहाव्या व सोळाव्या वर्षी 'टीडी' मिळते. त्यानंतर नंबर लागतो तो फक्त गरोदर बायांचा. वखर, विळा आणि शेणखतात आयुष्य काढणाऱ्या चाळिशीतल्या मजुराचे नाव कोणत्याच यादीत नाही. दर दहा वर्षांनी एक डोस एवढीच त्याची गरज आहे, आणि लस उपकेंद्रापर्यंत पोहोचतेच. आरोग्य विभागाने पेरणीच्या आधी गावागावांत शेतमजुरांसाठी टीडीचे दोन दिवस ठेवावेत. बाटलीचे पैसे वाचले, तर मजुराच्या घरी तूरडाळ, शेंगदाणे, अंडी येतील. ग्रंथीत वाढणाऱ्या त्या हजारो पेशींना प्रथिने लागतात, ती तिथूनच मिळतात.