तक्रार नाही, म्हणजे समाधान?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सत्तरीतल्या आमच्या वाड्यावर शेजारच्या काकींच्या छातीत रात्री दोनच्या सुमारास कळ आली. घरात मोबाईल तीन, पण रेंज एकालाही नाही. कारण वीज गेली की तास-दोन तासांत आमच्याकडचा टॉवरही झोपतो. शेवटी काकींचा मुलगा भर पावसात मोटारसायकल काढून रस्त्यावरच्या देवळापर्यंत गेला आणि तिथून त्याने १०८ ला फोन लावला. काकी वाचल्या, देवाची कृपा!

पंधरा दिवसांनी त्याच मुलाच्या मोबाईलवर कंपनीचा संदेश आला. आमच्या सेवेबद्दल आपण किती समाधानी आहात? एक ते पाच गुण द्या.

"मग काय दिलेस?" मी विचारले.

"पाच देऊन टाकले दादा. उगाच कटकट कशाला!"

मी सरकारी कारकून. त्यामुळे हे पाच गुण मला फार ओळखीचे वाटले. आमच्या महिन्याच्या अहवालातही 'तक्रारी' असा एक रकाना असतो आणि त्यापुढे बहुतेक वेळा 'निल' लिहिलेले असते. ते लिहिताना काउंटरवरून किती माणसे पुटपुटत परत गेली हे मला ठाऊक असते. पण पुटपुटण्याला आवक क्रमांक नसतो ना!

खोटे कशाला बोलू, मोबाईलने आपल्याला खूप दिले. भारतातला पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याहून दिल्लीला झाला, तेव्हा येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. २००३ साली येणारे कॉल फुकट झाले. २०१६ नंतर इंटरनेट इतके स्वस्त झाले की आमची आजी व्हिडिओवर पणतू पाहू लागली. घरात साधा फोन यावा म्हणून वर्षानुवर्षे वाट पाहिलेली आमची पिढी. मिळाले तेच खूप, असे आपल्याला वाटते. कंपन्या मात्र या उपकाराच्या भावनेलाच समाधान म्हणून मोजतात.

आता सरकारी मोजमाप बघा. बोलता बोलता तुटणारे कॉल शंभरात दोनपेक्षा जास्त नसावेत, असा ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाचा, दंडक आहे. दंडक चांगलाच आहे. पण आमच्या वाड्यावर कॉल लागतच नाही. जो लागलाच नाही तो तुटणार कसा? शिवाय परवान्यांच्या हिशेबात गोवा स्वतंत्र नाही, तो महाराष्ट्राच्या मंडळात मोडतो. पुणे, नाशिक, नागपूर आणि आमचा वाडा यांची एकत्र सरासरी काढली, की त्यात आमचा वाडा मिठाच्या खड्यासारखा विरघळून जातो.

तुटलेल्या कॉलमागे ग्राहकाला एक रुपया, दिवसाला जास्तीत जास्त तीन रुपये, भरपाई द्यावी असा नियम ट्रायने २०१५ साली केला होता. मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. प्रश्न रुपयाचा नव्हताच. त्या रुपयाने चूक कुणाची हे लिहून ठेवले असते.

कुणी म्हणेल, आवडत नसेल तर कंपनी बदला. जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, हे खरे. पण ज्या वाड्यावर एकाच कंपनीची रेंज येते, तिथल्या माणसाने जावे कुठे? आणि रिचार्ज तर सगळीकडे सारखेच. अठ्ठावीस दिवसांचा महिना धरला की आम्हा पगारदारांचे पगार बारा आणि रिचार्ज तेरा! २०२२ साली ट्रायने तीस दिवसांचाही प्लॅन ठेवायला लावला. पण दुकानात कुणी तो मागताना मला तरी दिसत नाही.

दोष एकट्या कंपन्यांचा नाही, हेही कबूल केले पाहिजे. ग्रामसभेत टॉवर नको म्हणून हात वर करायचा आणि घरी येऊन रेंज नाही म्हणून चरफडायचे, हे गोव्यात आपणच करतो.

मराठीत समाधान या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक, आहे त्यात सुख मानणे. तो संतांचा गुण. दुसरा, शंका-समाधानातला, विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळणे. कंपन्यांना आपल्याकडून पहिले हवे असते. ग्राहक म्हणून आपला हक्क दुसऱ्यावर आहे. पण प्रश्न विचारलाच नाही, तर उत्तर कोण देणार?

म्हणून वाचकहो, एका कारकुनाचा अनुभवाचा सल्ला ऐका. दुकानदाराशी भांडू नका, त्याच्या हातात काही नाही. १९८ वर तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक वहीत लिहून ठेवा. उत्तर पटले नाही, तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे तीस दिवसांच्या आत जा. तिथेही भागले नाही तर ग्राहक आयोगाचे दार उघडे आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच ते स्पष्ट केले. क्रमांक पडलेला कागद सहजासहजी मरत नाही, हे मी वीस वर्षे फायलींत बसून पाहिले आहे.

काकींच्या मुलाला शेजारी बसवून आम्ही टॉवरच्या बॅटरीबद्दल तक्रार नोंदवली. तिसऱ्या दिवशी संदेश आला, आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे. प्रत्यक्षात कुणी फिरकलेसुद्धा नव्हते. आम्ही अपील केले. त्याचे उत्तर अजून यायचे आहे. पण निदान आमच्या वाड्यापुरते तरी त्या रकान्यात आता 'निल' लिहिता येणार नाही.