शर्यत बघायची तर धुळीत उभं राहावं लागतं

आमच्या स्टाफरूममध्ये गणिताचे एक सर आहेत. सोमवारी पहिल्या तासाआधी त्यांनी मला गाठलं. "तुम्ही रविवार वाया घालवलात. एसटीने धुळे रस्त्याला गेलात, दिवसभर उन्हात उभे राहिलात, आणि फायनल तरी धड दिसली का? मी घरी पंख्याखाली बसून पाहिली. वरून ड्रोनने पाहिली. शेवटचे काही सेकंद हळू करून चार वेळा पाहिले. पांढऱ्या बैलाचं नाक पुढे होतं, हे तिथल्या पंचाच्या आधी मला कळलं!"

फायनल मला नीट दिसली नव्हती, हे खरं आहे. माझ्यापुढे एक उंच माणूस होता आणि त्याच्या खांद्यावर त्याचं पोरगं. मला दिसली ती धूळ आणि त्या धुळीतून क्षणभर चमकलेली शिंगं. पण त्याआधी पाच तास मी जे पाहिलं, त्यातलं काहीही सरांच्या मोबाईलवर आलं नव्हतं. सरांचं 'सगळी शर्यत पाहिली' हे वाक्य म्हणूनच मला मान्य नाही. त्यांनी निकाल पाहिला.

बैलगाड्यांची शर्यत आमच्याकडे नवी नाही. वऱ्हाडाकडे तिला शंकरपट म्हणतात, पुण्याकडे घाटातला बैलगाडा. गाडीची रीत, बैलांची संख्या, हाकणाऱ्याची जागा सगळीकडे वेगळी. खान्देशात तापीकाठची खिल्लार, जिला ठिल्लारीही म्हणतात, ती अंगाने आटोपशीर आणि पायाने चपळ. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी जल्लिकट्टूबरोबर या शर्यतींवरही बंदी आणली. राज्याने २०१७ मध्ये कायदा बदलला, तोही कोर्टात अडकला. १६ डिसेंबर २०२१ ला अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांचे बदललेले कायदे वैध ठरवले. ही इतकी वर्षं गेली, तेवढ्यात प्रत्येकाच्या हातात मोबाईल आला. बंद झाली तेव्हा शर्यत बांधावरून बघायची गोष्ट होती. परत आली तेव्हा ती अंगठ्याने सरकवायची गोष्ट झाली होती.

आता रविवारचं सांगतो. पारोळ्याच्या पुढे रस्त्याला लागून एक शिवार आहे. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून रान सपाट केलेलं. मी नऊला पोचलो तेव्हा प्रेक्षक थोडे होते, बैल जास्त. एका टेबलाशी पशुवैद्यक बसलेले. नियमाप्रमाणे त्यांच्या तपासणीशिवाय बैल पळवता येत नाही. एक जोडी आली, त्यातला डावा बैल मागचा पाय जपून टाकत होता. मालक म्हणाला, गाडीतून उतरताना आखडला असेल, जरा फिरवला की मोकळा होईल. डॉक्टर नाही म्हणाले. मालकाने आवाज चढवला, मग उतरवला, मग अजिजी केली. शेवटी त्याने बैल परत पिकअपमध्ये चढवले आणि गडी कुणीकडे, तो कुणीकडे तोंड करून बसला. वर्षभर पोसून, पेंड-सरकी घालून आणलेली जोडी न पळता परत. माझ्या दिवसातली सगळ्यात मोठी घटना ती होती. मी सरांना विचारलं, ती जोडी पाहिली का? ते म्हणाले, "कोणती जोडी? लाइव्ह अकराला सुरू झालं."

मी आधी बैलाचा पाय बघतो, याला कारण आहे. माझे मामू नालबंद होते. बाजाराच्या दिवशी दोराने बैल आडवा पाडायचा, चारी पाय बांधायचे, खूर तासायचा आणि पत्री ठोकायची. आमच्या भागात हे काम बहुतेक मुसलमानांच्या हातात राहिलं. मी लहानपणी बैलाची शिंगं बघत बसायचो, तर मामू ओरडायचे, "पहले खुर देख, सींग बाद में देख." खिळा एका दोऱ्याइतका जरी आत गेला, तरी बैल लंगडा व्हायचा आणि शेतकऱ्याची पेरणी बुडायची. खूर बघायला वाकावं लागतं. ड्रोन वाकत नाही. त्याला बैलाची पाठ दिसते, वरून दिसणारी पांढरी रेघ दिसते, आणि पाठीमागे वाजणाऱ्या गाण्यावर ती रेघ फार सुंदर पळते.

सरांचा दुसरा मुद्दा असा, की जगभर लोक आता शर्यती घरीच बघतात. अमेरिकेत मोटारींच्या शर्यती कोट्यवधी लोक टीव्हीवर बघतात, त्यांना कोणी अडाणी म्हणतं का? नाही म्हणत. पण त्याच अमेरिकेचं एक उदाहरण सरांनी पाहावं. १८ फेब्रुवारी २००१, डेटोनाची ५०० मैलांची शर्यत. शेवटच्या फेरीत डेल अर्नहार्ट या नामांकित चालकाची गाडी भिंतीवर आदळली. पुढे मायकेल वॉल्ट्रिप जिंकत होता आणि त्याचाच थोरला भाऊ डॅरेल टीव्हीवर समालोचन करत त्याला ओरडून प्रोत्साहन देत होता. टीव्हीवर ती धडक फार भयंकर वाटली नाही. अशा धडका लोकांनी शेकड्यांनी पाहिल्या होत्या. अर्नहार्ट त्यात गेला. कॅमेऱ्याने चूक केली असं मी म्हणत नाही, जिंकणाऱ्याच्या मागे जाणं हे त्याचं कामच आहे. मी एवढंच म्हणतो, की जो हरला, पडला, परत गेला, त्याच्याकडे बघणारे डोळे दुसरे कुणाचे तरी लागतात. ते डोळे जागेवर असावे लागतात.

आणि डोळे जागेवर असले की नुसतं दिसत नाही, बोलताही येतं. दुपारी एका गाडीवर हाकणाऱ्याच्या बाहीत काहीतरी होतं. माझ्या शेजारी बांधावर एक म्हातारे आप्पा बसले होते, डोक्याला उपरणं, हातात गोडीशेवची पुडी. त्यांनी पुडी खाली ठेवली आणि असे ओरडले की मी दचकलो: "ए भो, ती पराणी फेक! आमले दिखी ऱ्हायनं!" मग चार जण ओरडले, मग चाळीस. झेंडा धरलेला माणूस थांबला. बाहीतून बोटभर काडी निघाली, टोकाला खिळा. भोंग्यावरून ती जोडी बाद केल्याचं सांगितलं. नियमात काठी, चाबूक, टोचणी सगळ्याला मनाई आहे आणि शर्यतीचं चित्रीकरण करण्याची अटही आहे. चित्रीकरण चालू होतंच. कॅमेरा शेवटच्या रेषेवर लावलेला होता. पराणी पहिल्या रेषेवर होती.

सरांच्या मोबाईलवर या वेळी काय होतं? पेंडीची जाहिरात.

शर्यतीचे विरोधक आणि समर्थक दोघांशीही माझं भांडण आहे, आणि ते एकच आहे. विरोध करणारे मला दहा सेकंदांची क्लिप पाठवतात, ज्यात बैल पडतो. समर्थन करणारे दहा सेकंदांची क्लिप पाठवतात, ज्यात बैल गुलालात न्हालेला असतो आणि खाली 'आपली संस्कृती' असं लिहिलेलं. दोघांनीही बैलाला हात लावलेला नाही. २०१४ चा निकाल ज्या अहवालांवर आणि छायाचित्रांवर उभा राहिला, ती माणसं तमिळनाडूत जल्लिकट्टूच्या जागी प्रत्यक्ष गेली होती, हे विरोधकांनी विसरू नये. त्यांच्या शब्दाला वजन आलं ते तिथे उभं राहिल्यामुळे. आणि संस्कृतीवाल्यांनी हे सांगावं, की संस्कृती सांभाळायची तर पराणीवर ओरडायला त्यांच्यातले किती जण बांधावर होते? मी तर तिथे एका आप्पांना पाहिलं.

आम्ही उर्दूवाले बघ्याला तमाशबीन म्हणतो. शब्दात थोडी हेटाळणी आहे, आणि ती मोबाईलवाल्याला जास्त लागू पडते. बांधावरचा माणूस वेळ पडली तर गवाह होऊ शकतो. पलंगावरचा काय होणार?

एक गोष्ट सांगायची नाही असं ठरवलं होतं, पण तिच्याशिवाय हा लेख अर्धा राहील. आमच्या मोहल्ल्यातला एक पोरगा पिकअप चालवायचा. एका आप्पांची शर्यतीची जोडी न्यायची म्हणजे हाच. बैल त्याचा आवाज ओळखायचे, फळीवर चढताना अडायचे नाहीत. मागच्या हंगामात एका फाट्यावर पाच-सहा जणांनी गाडी अडवली. बैल आहेत, चालकाला दाढी आहे, एवढं पुरलं. कॉलर धरली, मोबाईल काढले. मालक मोटारसायकलवर मागून येत होते, दहा मिनिटांनी पोचले, पावती दाखवली, शर्यतीचं पत्रक दाखवलं आणि सगळ्यांना शिव्या घातल्या. माणसं पांगली. संध्याकाळी व्हिडिओ गावोगावच्या ग्रुपवर फिरला. त्यात कॉलर होती, दाढी होती, बैल होते. मालकांची दहा मिनिटं कापलेली. आमच्या ओळखीच्या ज्या माणसाने तो मला 'हे खरं का?' म्हणून पाठवला, त्यानेच दोन दिवसांपूर्वी त्याच जोडीचा जिंकतानाचा व्हिडिओ पाठवला होता. बैल तेच आहेत हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. कसं येणार? त्याने ती जोडी कधी जवळून पाहिलीच नव्हती. मैदानावर रोज येणाऱ्या कोणालाही विचारलं असतं, तर त्याने बैलांच्या नावासकट सांगितलं असतं की गाडी कोणाची, पोरगा कोण.

तो पोरगा आता केळी भरतो. जनावर भरत नाही. आप्पांनी दोनदा निरोप पाठवला, स्वतः आले, चहा घेतला. तो म्हणाला, "आप्पा, तुमचे बैल माझे आहेत, पण रस्ता माझा नाही."

मैदानाची बाजू घेतो म्हणून मैदान निर्दोष आहे असं समजू नका. सुटलेला बैल गर्दीत घुसला तर काय होतं हे मला माहीत आहे, मी स्वतः एकदा बाभळीवर चढलो आहे आणि उतरताना पँट फाटली आहे. दोरखंडाच्या आत पोरं घुसतात, भोंगा ओरडत राहतो, कोणी ऐकत नाही. पाण्याची सोय म्हणजे एक टँकर. आणि सगळ्यात मोठी लाज ही, की तिथे बायका जवळजवळ नसतात. माझी मुलगी नववीत आहे, बैलांवर माझ्याहून जास्त जीव. तिने विचारलं, "अब्बू, मला का नाही नेलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. बसायला जागा नाही, मुतारी नाही, आणि काही टोळक्यांची तोंडं आवरत नाहीत. तिने ती फायनल मोबाईलवरच पाहिली, सरांसारखी. गणिताच्या सरांचा सगळा युक्तिवाद मी खोडला, पण या एका ठिकाणी ते माझ्यापुढे आहेत: त्यांच्या पंख्याखाली माझी मुलगीही बसू शकते. माझ्या आजारी अम्मीलाही तिथेच बसावं लागेल. ज्यांना येता येत नाही त्यांच्यासाठी मोबाईल आहे आणि तो असावा. माझा राग ज्यांना येता येतं आणि जे येत नाहीत, वर पुन्हा निकाल देतात, त्यांच्यावर आहे. आयोजकांवर जास्त आहे. जिंकणाऱ्याला दुचाकी द्यायला पैसे असतात, ड्रोनला असतात, एक कनात आणि दोन फिरती शौचालयं आणायला मात्र वर्गणी अपुरी पडते!

या महिन्यात फागण्याच्या बाजूला आणखी एक शर्यत आहे. मी तिथल्या मंडळींना फोन केला आणि विचारलं, बायकांसाठी वेगळी कनात टाकाल का. पलीकडचा माणूस आधी हसला, मग म्हणाला, "सर, किती जणी येतील?" मी म्हणालो, "एक तर नक्की." तो म्हणाला, "एकीसाठी कनात?" मी म्हणालो, "कनात टाका, मग मोजू." त्याने बघतो म्हणून सांगितलं आहे. स्टाफरूममधल्या दोन बाईंना विचारलं, त्यातल्या एक येते म्हणाल्या, कनात असेल तर. गणिताच्या सरांनाही सांगितलंय. सकाळी सातची धुळे गाडी आहे, टोपी आणि पाण्याची बाटली घ्या. ते म्हणाले, "लिंक आली तर मला पाठवा." मी त्यांच्यासाठी बसमध्ये जागा धरणार आहे.